आजची तारीख सांग

शनिवार होता. जानेवारीतला, संक्रांतीच्या आधीचा. शनिवारी मला सुट्टी असायची आणि मी आईबाबांबरोबर दुकानात जायची. बिबवेवाडीहून बस, स्वारगेटला बदलायची आणि पुढे कसबा पेठेत चालत. बाबांनी शटर वर केलं, आत जाऊन मेन स्विच लावला आणि कम्प्युटर, म्हणजे आमचं मशीन, सुरू केलं. काळ्या पडद्यावर रोजची इंग्रजी तक्रार उमटली. बाबांनी न वाचता एफ-वन दाबलं. मशीन उघडलं आणि कोपऱ्यात रोजच्यासारखी तारीख दिसली: एक जानेवारी दोन हजार दोन.

"हिरा, आजची तारीख सांग."

आई फडक्याने टेबल पुसत होती. "कालच्याच्या पुढची."

"काल किती होती?"

"तेच तं. रोज सांगतो, रोज इसरता."

"मी नाही इसरत. हे इसरते," बाबा मशीनकडे बोट दाखवून म्हणाले.

"अकरा. शनिवार."

बाबांनी अकरा टाकली, महिना ठीक होता, साल बदललं, आणि घड्याळ लावलं. मग आई तिच्या स्टुलावर बसली, हस्तलिखित मांडीवर घेतलं आणि दिवस सुरू झाला.

मशीनच्या आत नाण्याएवढी एक बॅटरी असते. मशीन बंद असतानाही घड्याळ तिच्यावर चालतं. आमची कधीच संपली होती. मी कॉलेजात होते तेव्हा एकदा म्हटलंही होतं, बदलू या का. बाबा म्हणाले, राहू दे, काही अडत नाही. नंतर तो विषय निघाला नाही.

माझे आईवडील अकोल्याकडून पुण्यात आले ते एका छापखान्यात कामाला. बाबा, रंगराव तायडे, खिळे जुळवायचे. आई बांधणी खात्यात छापलेल्या कागदांचे फर्मे घडी करायची. छापखान्यात मुद्रितं तपासायला दोन माणसं लागत; एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापलेला कागद बघायचा. वाचणारा माणूस एकदा आजारी पडला आणि बाबांनी मालकांना सांगितलं की माझी बायको वाचते. ती सातवी शिकलेली होती, पण तिचं वाचन एका ठाय लयीत असे, आणि त्यात प्रत्येक चिन्ह असे. ‘भांडं कल्हईला दिलं स्वल्पविराम परत आलं तेव्हा अर्धविराम’ असं. नव्वदनंतर छापखान्यांचे दिवस गेले. आमचा बंद झाला, खिळे शिशाच्या भावाने वजनावर गेले. बाबा चाळिशीत संगणकाच्या क्लासला गेले, विशीतल्या मुलांमध्ये बसून शिकले, आणि कसब्यात एका जिन्याखाली डीटीपीचं दुकान काढलं. लग्नपत्रिका, स्मरणिका, आणि वर्षाला चार-पाच पुस्तकं. पद्धत तीच राहिली. आई वाचणार, बाबा टाइप करणार. ते कागदाकडे बघतच नसत. त्यांचे डोळे पडद्यावर आणि कान आईकडे.

मी शाळेतून थेट तिथे यायची आणि टेबलाखाली बसून ऐकायची. पुढे पुष्कळ वाचलं, पण अजूनही चांगलं वाक्य लागलं की ते मला आईच्या आवाजात, चिन्हांसकट ऐकू येतं.

त्या शनिवारी सुशीलाबाईंचं पुस्तक चालू होतं. सुशीलाबाई निवृत्त शिक्षिका, राहणार दोन गल्ल्या पलीकडे. तांबट आळीतल्या भांड्यांवर त्यांनी बारा वर्षं लिहिलं होतं. प्रत्येक भांड्याचं नाव, ठोकण्याची रीत, ते कोणत्या घरात कशासाठी वापरलं जायचं. दोन तृतीयांश मजकूर मशीनमध्ये गेला होता.

दुपारी चहा पिताना बाबांनी वर्तमानपत्र माझ्याकडे सरकवलं. "एप्रिलनंतर एक्सपी बंद म्हणे."

मी हिंजवडीला ज्या कंपनीत आहे तिथे त्या वेळी माझं कामच ते होतं. परदेशातल्या बँकांना पत्रं लिहायची, की आठ एप्रिलनंतर एक्सपी ही कम्प्युटर चालवणारी जुनी प्रणाली ठेवायची असेल तर तुमच्यापुढे कोणते मार्ग आहेत. मी बाबांना सांगितलं की ती बंद होत नाही, चालत राहते. फक्त नंतर त्यात काही दोष निघाला, कुठून व्हायरस शिरला, तर तो दुरुस्त करायला बनवणारी कंपनी येणार नाही.

"म्हणजे वाली राहणार नाही."

"तसंच."

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले. "या गल्लीत वाली कोणाला आहे?"

आई हसली. संध्याकाळी आम्ही मेन स्विच बंद करून निघालो, मंडईत मटार घेतला, घरी सोलत बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा खुर्चीत पेपर वाचत होते आणि आईने चहा नेऊन ठेवला तेव्हा ते गेलेले होते. डॉक्टर म्हणाले, काही कळलंही नसेल.

विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. जे बोलायचं ते मोठे काका बोलले. ऑफिसला मी मेल पाठवली, तिच्यात घरगुती अडचण असं लिहिलं. बाबांचा फोन माझ्याकडे आला होता आणि तो वाजत राहायचा, कारण गिऱ्हाइकं पुण्याबाहेरचीही होती. मंचरचे पोपटराव लग्नसराईच्या आधी दर वर्षी फोन करत. त्यांचं स्टेशनरीचं दुकान होतं, पत्रिकांची ऑर्डर गोळा करून ते आमच्याकडे देत.

"रंगराव हायेत का?"

"आत्ता नाहीत," मी म्हणाले.

"बरं बरं. आले की सांगा, पोपटचा फोन होता म्हनून."

मी बरं म्हटलं. दुसऱ्यांनाही तेच सांगत होते. खोटं नव्हतं ते. पुढचे दोन शब्द तोंडातून निघत नव्हते, एवढंच.

फेब्रुवारीत आई एक दिवस कोणाला न सांगता दुकानात गेली. मी संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून तशीच तिकडे गेले तर शटर अर्धं वर होतं, मशीन बंद, आणि आई तिच्या स्टुलावर, मांडीवर हस्तलिखित. बाबांची खुर्ची तिने पुसून टेबलाला लावून ठेवली होती. दिवसभर काय केलं विचारलं तर म्हणाली, बसली होती.

सुशीलाबाई त्याच आठवड्यात आल्या. त्यांना सगळं माहीत होतं, त्या कार्यक्रमालाही येऊन गेल्या होत्या. थोडा वेळ बसल्या, पाणी प्यायल्या.

"हिराबाई, मी घाई करत नाही," त्या म्हणाल्या. "पुस्तक माझ्या हयातीत निघावं एवढीच अपेक्षा आहे. नाहीच निघालं तर प्रकाशन समारंभाचा खर्च वाचेल, हाही फायदाच."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "आपण संगणकातल्या. आपल्याला यातून मार्ग दिसत असेलच. पाडव्यापर्यंत मला एक नवं पान झालेलं दाखवा. एकच. नाहीतर हस्तलिखित परत द्या, मी कर्वे रस्त्यावरच्या दुकानांत विचारते. तिथले लोक मराठी शुद्ध लिहीत नाहीत, पण लिहितात."

त्या गेल्यावर आईने हस्तलिखिताच्या कडा नीट केल्या. तिच्याकडे पाहून मला एवढंच कळलं, की हे गेलं तर ती उद्यापासून घरी बसेल. आणि घरी बसायला तिला येत नाही.

रविवारी मी स्वयंपाकघरात तिच्यासमोर बसले आणि बँकांना सांगते तसे मार्ग सांगितले. आमची अडचण अशी होती की बाबांचा मराठी प्रोग्राम फार जुना, तो करणारी कंपनीच उरलेली नाही. तो फक्त एक्सपीवर चालायचा आणि तोही मशीनच्या मागे काडेपेटीएवढा एक प्लग लावलेला असेल तरच. बाबा त्याला कुलूप म्हणत. मी सांगितलं, की एक तर मशीन आहे तसं ठेवता येईल, इंटरनेट तोडून, बाहेरचे पेन ड्राइव्ह न लावता. पण हार्ड डिस्क आतून टकटक करायला लागली आहे, ती कधीही जाईल. किंवा नवीन कम्प्युटर आणायचा आणि त्याच्या पोटात ही जुनी प्रणाली जशीच्या तशी चालवायची. किंवा सगळा मजकूर आजच्या फाँटमध्ये उतरवायचा आणि हा प्रोग्राम सोडून द्यायचा. मग कोणीही ऑपरेटर कुठेही बसून पुढचं काम करू शकेल. नाहीतर सुशीलाबाई म्हणतात तसं, देऊन टाकायचं.

आई भाकरी थापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मी कुठी बसू मंग?" ती म्हणाली.

मी ज्या बँकांना पत्रं लिहिली त्यांच्यापैकी कोणी हे विचारलं नव्हतं.

माझ्या टीममधला अभय मदतीला आला. तो नागपूरचा, बोलायला मोकळा. आईशी वऱ्हाडीत बोलायला लागला आणि तिने त्याला पहिल्याच दिवशी जेवायला घातलं. आधी आम्ही डिस्कची हुबेहूब प्रत काढली. ती निघाली तेव्हा आमच्या दोघांच्या जिवात जीव आला. मग ती प्रत अभयच्या लॅपटॉपमध्ये, खोक्यात खोकं ठेवावं तशी चालवून पाहिली. एक्सपी उघडलं, बाबांच्या पडद्यावरचा हिरवा डोंगर दिसला, पण प्रोग्राम काही उघडेना. त्याला ते कुलूप दिसत नव्हतं. कुलूप जुन्या प्रिंटरच्या खाचेतलं, आणि लॅपटॉपला ती खाचच नाही. अडॉप्टर लावून पाहिला, तरी नाही.

मजकूर उतरवून पाहिला. कळशीवरचं प्रकरण घेतलं. जोडाक्षरं फुटली, रेफ भलत्याच अक्षरांवर जाऊन बसले, आणि पानांची सगळी मांडणी विस्कटली. सगळं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून लावावं लागलं असतं आणि पाडवा जवळ आला होता.

"पूर्णिमा, सरळ सांगू का," अभय म्हणाला. "क्लायंटला आपण जे सगळ्यात शेवटी सांगतो ना, तेच इथे बरोबर आहे. आहे तसं ठेव. फक्त नीट ठेव."

मग मी ते नीट ठेवायला घेतलं. इंटरनेटची वायर काढली आणि तिची खाच चिकटपट्टीने बंद केली. डिस्कची प्रत मशीनमध्ये बसवली आणि मूळ डिस्क कापडात गुंडाळून कपाटात ठेवली. तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन त्याच जातीचा एक जुना मदरबोर्ड शोधला, पुढेमागे लागेल म्हणून. पंख्यातली धूळ ब्रशने काढली. हात आत गेलेच होते, म्हणून ती नाण्याएवढी बॅटरीही बदलली. नवीन बॅटरी बसल्याचा टक आवाज आला तेव्हा मला फार बरं वाटलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा काहीतरी दुरुस्त झालं होतं.

त्या शनिवारी आई माझ्याबरोबर आली. मी बाबांची खुर्ची ओढून बसले. शाळेच्या सुट्ट्यांमध्ये याच कळफलकावर पत्रिका टाइप केल्या होत्या, हाताला थोडं वळण होतं. आई स्टुलावर बसली, हस्तलिखित घेतलं, चष्मा लावला आणि माझ्याकडे बघत राहिली. मशीन सुरू झालं. तक्रार आली नाही. एफ-वन दाबावं लागलं नाही. कोपऱ्यात बरोबर वेळ आणि त्या दिवसाची बरोबर तारीख.

"बघ," मी म्हणाले, "आता विसरत नाही."

आईने पुढे वाकून तो कोपरा पाहिला.

"बरं झालं," ती म्हणाली. "एक काम कमी झालं."

आणि वाचायला लागली. पण ते तिचं वाचन नव्हतं. ओळी सुटत होत्या, स्वल्पविराम गळत होते, एक परिच्छेद तिने दोनदा वाचला आणि तिला कळलंही नाही. मला वाटलं, माझा वेग कमी आहे म्हणून तिची लय तुटते आहे. मी वेग वाढवला, चुका वाढल्या. तासाभराने तिने कागद बाजूला ठेवले. डोळे दुखतात म्हणाली. संध्याकाळी बसमध्ये खिडकीबाहेर बघत म्हणाली, सुशीलाबाईला देऊन टाक तिचं, तिचा कशाला खोळंबा करायचा.

तो आठवडा मी ऑफिसात त्याच पत्रांवर होते. त्या पत्रांत मी एक वाक्य नेहमी घालायची, की बदल करण्याआधी रोजच्या कामात कोण कोणाला काय विचारतं ते पाहून ठेवा, कारण ते कुठेच लिहिलेलं नसतं. मी ते शंभरदा तरी लिहिलं असेल. गुरुवारी ते पुन्हा टाइप केलं आणि हात थांबले. मला बाबांचं ‘राहू दे, काही अडत नाही’ आठवलं. बॅटरी कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडेही मिळत होती. तारीख समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर होती आणि त्यांच्या खुर्चीतून ती दिसायची.

शनिवारी, एकोणतीस मार्चला, आम्ही दुकानात पोचलो. सोमवारी पाडवा होता. समोरचा दुकानदार बांबू विकायला मांडत होता. आई शेजारच्या टपरीवर चहा सांगायला गेली. मी मशीनची बाजूची पट्टी काढली, नखाने बॅटरी उचलली आणि खिशात टाकली. पट्टी लावली. आई आली, तिने फडकं घेतलं.

मी मेन स्विच लावला. काळ्या पडद्यावर तक्रार आली. एफ-वन दाबलं. मशीन उघडलं ते एक जानेवारी दोन हजार दोनला.

"आई, आजची तारीख सांग."

तिचा हात टेबलावर थांबला. तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बिघडलं का परत?"

"हो."

"तू तं नवी बॅटरी टाकली होती."

"टाकली होती."

तिने फडकं झटकलं, घडी केली, खिळ्याला अडकवलं. मग स्टुलावर बसून पदर नीट केला.

"कालच्याच्या पुढची," ती म्हणाली.

"काल किती होती?"

"तुम्ही बापलेकी सारखेच." आणि मग, चष्मा लावता लावता, "एकोणतीस. शनिवार."

मी एकोणतीस टाकली. महिना बदलला, साल बदललं, घड्याळ लावलं. आईने हस्तलिखित उघडलं, बोट ओळीवर ठेवलं.

"घंगाळ नवा परिच्छेद. घंगाळाला दोन कड्या असतात स्वल्पविराम पण त्या उचलायला नव्हे स्वल्पविराम ओढायला पूर्णविराम."

ती लय आली होती. मी कागदाकडे बघायचं सोडून दिलं. बोटं सुरुवातीला अडखळली, मग ऐकायला लागली. चहा आला तो तसाच राहिला. पहिलं पान झालं, सुशीलाबाईंना दाखवायचं ते. आई थांबली नाही, मीही थांबले नाही. दुसरं पान अर्ध्यावर आलं असेल तेव्हा टेबलावर बाबांचा फोन वाजला. पडद्यावर बाबांनीच कधीतरी भरलेलं नाव होतं: पोपटराव मंचर.

आई वाचता वाचता थांबली. बोट ओळीवर तसंच ठेवलं.

मी फोन घेतला.

"रंगराव हायेत का? मेच्या तारखा आल्या बघा, पत्रिका लय हायेत औंदा."

तोंडात नेहमीचं वाक्य आलं होतं. आई माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. पुढचा शब्द सांगायच्या आधी मागचा टाइप व्हायची ती वाट बघते, तशी.

"पोपटराव, मी पूर्णिमा, त्यांची मुलगी," मी म्हणाले. "बाबा गेले. जानेवारीत गेले, संक्रांतीच्या आधी. दुकान चालू आहे, पत्रिका मी आणि आई करून देऊ, तुम्ही मजकूर पाठवा. पण बाबा गेले."